अ‍ॅम्प्लिफायर सारखा बंद पडतोय? दुरुस्तीला टाकण्याआधी स्पीकरचे ओहम मोजा

नेरूळच्या मामांचा अ‍ॅम्प्लिफायर रविवारी सकाळी हमखास दगा द्यायचा. पाऊण तास सुरेख चालायचा. मग आतून रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' असा आवाज यायचा, समोरचा दिवा लुकलुकायला लागायचा आणि भीमसेनजींची तान मध्येच तुटायची. वीस-पंचवीस मिनिटं बंद ठेवला की पुन्हा सुरळीत. आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर गाणं चालायचं, तेव्हा काही नाही. रविवारी मात्र ठरलेलं.

वर्षभरात तो तीनदा दुरुस्तीला जाऊन आला. दोनदा आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले, तिसऱ्या वेळी कुठलीशी आयसी. प्रत्येक वेळी दुकानात छान वाजला, घरी आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मामांचा फोन आला. "अगं, हा आता भंगारात काढावा म्हणतो. त्याआधी तू एकदा बघून जा."

मी ठाण्याला राहते. वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलचं टेस्टिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे मल्टिमीटर कायम पिशवीत असतो. आणि गाणं नीट ऐकू यावं ही हौस लहानपणापासूनची आहे. नात्यात, ओळखीत 'अ‍ॅम्प प्रोटेक्शनला जातो', म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतो, ही तक्रार मी आत्तापर्यंत चार घरांत पाहिली. चारांपैकी तीन घरांत अ‍ॅम्प ठणठणीत होता. त्याला जोडलेला भार, म्हणजे स्पीकर आणि त्यांची जोडणी, चुकीचा होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. याच दुखण्यापायी चांगली चांगली यंत्रं लोक मातीमोल भावाने विकतात.

फोनवरच मी मामांना विचारलं, रविवारी वेगळं काय करता? ते म्हणाले, "काहीच नाही. तीच खुर्ची, तेच गाणं." मग ठाण्याहून पनवेल लोकल पकडून तासाभरात त्यांच्याकडे पोचले. चहा घेताना मामी सहज बोलून गेल्या, "रविवारी मलाही ऐकता येतं ना गं, ओट्यापाशी. एरवी यांचं एकट्याचंच चालतं."

ओट्यापाशी?

स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर दोन छोटे स्पीकर होते. तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिशियनकडून वायर ओढून घेतलेली. रविवारी मामी नाश्त्याच्या तयारीला लागल्या की मामा अ‍ॅम्पवरचं 'स्पीकर बी' हे बटण दाबायचे. 'ए' तर आधीपासून चालूच. म्हणजे रविवारी एकाच अ‍ॅम्पवर चार स्पीकर.

अ‍ॅम्प शोकेसमधून पुढे ओढला आणि मोबाईलचा उजेड टाकून पाठीमागचं वाचलं. स्पीकरच्या टर्मिनलशेजारी बारीक अक्षरात छापलेलं होतं: ए किंवा बी, कमीत कमी ६ ओहम. ए आणि बी दोन्ही, कमीत कमी १२ ओहम. मग हॉलमधल्या स्पीकरची पाठ पाहिली, ६ ओहम. स्वयंपाकघरातले पाहिले, तेही ६ ओहम. इथेच नव्वद टक्के उलगडा झाला.

ओहम म्हणजे इथे नेमकं काय?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. आवाजाचं बटण म्हणजे टाकीची उंची. बटण फिरवून तुम्ही दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरवता. स्पीकर म्हणजे नळ. ओहम जास्त असेल तर नळ कमी उघडा, ओहम कमी तर नळ सताड उघडा. अ‍ॅम्प ठरलेला दाब देत राहतो. पाणी, म्हणजे करंट, किती वाहणार ते नळच ठरवतो.

आकड्यांत सांगते. मामांचा अ‍ॅम्प ८ ओहमला ५० वॅटचा आहे. म्हणजे पूर्ण ताकदीला तो २० व्होल्ट देतो आणि ८ ओहमचा स्पीकर त्यातून २.५ अँपिअर खेचतो. ६ ओहमचा स्पीकर ३.३ अँपिअर खेचेल. आता ए आणि बी दोन्ही दाबले की बहुतेक अ‍ॅम्पमध्ये दोन्ही जोड्या पॅरलल होतात, म्हणजे एकाच टाकीला शेजारी शेजारी दोन नळ. ६ आणि ६ पॅरलल म्हणजे ३ ओहम. तोच दाब, पण करंट ६.७ अँपिअर. एवढा करंट पेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही. '१२ ओहम' असं का छापतात ते आता लक्षात येईल. बारा आणि बारा पॅरलल झाले की सहा होतात, आणि सहा ही त्याची खालची हद्द.

तरी मामांचं म्हणणं होतं, आवाज मी कधीच निम्म्याच्या वर नेत नाही, मग तापतो कसा? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो मला प्रत्येक घरात विचारला जातो. नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्पचे ट्रान्झिस्टर पूर्ण आवाजाला सर्वांत जास्त तापतात असं वाटतं, पण तसं नाही. एकसुरी सिग्नल देऊन मोजलं तर पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर त्यांच्यात सर्वाधिक उष्णता तयार होते. त्या टप्प्यावर सप्लायचं निम्म्याच्या आसपास व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्याच अंगावर पडतं आणि करंटही भरपूर असतो. म्हणजे मध्यम आवाज हीच त्यांच्या कसोटीची वेळ. त्यात ओहम निम्मे केले की उष्णता दुप्पट. पाऊण तासात हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) भरून जातो, थर्मल स्विच सुटतो आणि रिले 'टक्' करून स्पीकर तोडतो. थंड झाला की परत जोडतो. अ‍ॅम्प बिघडलेला नव्हता. तो आपला जीव वाचवत होता.

दुकानदाराचा दोषही मी धरत नाही. टेबलावर त्याने एक ८ ओहमचा स्पीकर जोडून दहा मिनिटं वाजवलं असणार. तिथे हे दुखणं दिसणारच नाही. आधी गेलेले ट्रान्झिस्टर याच भारामुळे गेले असतील, पण नवे टाकून तो पुन्हा त्याच भाराशी बांधला तर पंधरा दिवसांत तेच होणार.

मीटर लावून खात्री

छापील आकड्यावर थांबू नये. अ‍ॅम्प बंद केला, मेनचा प्लग काढला, स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या टोकाकडून सोडवल्या आणि मीटर सर्वांत खालच्या ओहमच्या रेंजवर ठेवला. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहाव्यात. माझा मीटर ०.३ दाखवतो, तेवढे वजा करायचे. हॉलचा डावा ५.०, उजवा ५.०. स्वयंपाकघरातले दोन्ही ६.२.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायच्या. मीटर डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा नेहमी कमीच येतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवेल, ६ ओहमचा साडेचार ते पाच, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. यावरून पाठीवरची चिठ्ठी निघून गेलेल्या जुन्या स्पीकरचीही ओळख पटते. दुसरं म्हणजे, छापील ओहम हा एक गोळाबेरीज आकडा असतो. खरा इम्पीडन्स, म्हणजे गाणं वाजताना स्पीकरचा होणारा रोध, सुराप्रमाणे सतत बदलतो. वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) स्वतःच्या कंपनाच्या जागी तो तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो आणि मग साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात तळ गाठतो. पुरुषी आवाजाचा भरणा आणि डग्ग्याचा बराचसा घुमार याच पट्ट्यात येतो. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा तळ छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा ६.४ आणि ६ ओहमच्याचा ४.८. सगळे ते पाळतात असं मात्र नाही. ८ छापलेला स्पीकर ४ पर्यंत उतरलेला पाहायला मिळतो. मीटरवरचा डीसी आकडा या तळाच्या जवळपासच असतो, म्हणून मी छापील आकड्यापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवते.

मग स्वयंपाकघरातले ६ ओहमचे स्पीकर ६.२ कसे दाखवत होते? मी स्टुलावर चढले आणि स्पीकरच्या टर्मिनलवर थेट मोजलं. ५.१ आले. वरचा १.१ ओहम वायरचा. इलेक्ट्रिशियनने बेलला वापरतात तसली बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती, तीही छताच्या कडेने वळसा घालून जवळजवळ १४ मीटर. जायची आणि यायची मिळून २८ मीटर. अशा तांब्याच्या वायरला दर मीटरला ०.०३९ ओहम धरा, हिशोब बरोबर १.१ वर येतो. तेवढीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती तर ०.२ ओहमच्या आसपास राहिली असती.

गंमत अशी की या बारीक वायरने अ‍ॅम्पला थोडा आधारच दिला होता, नाहीतर तो पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासात पडला असता. पण किंमत मोजली ती आवाजाने. स्पीकरचा पडदा हलला की तो थांबवण्याची पकड अ‍ॅम्पकडे असते. मध्ये एक ओहम घातला की ती पकड सुटते. स्वयंपाकघरात डग्गा पसरट आणि ओला वाजत होता, थापेचा शेवट कुठे ते कळतच नव्हतं. मामी म्हणाल्या, "मला वाटायचं छोटे स्पीकर म्हणजे असंच वाजायचं."

अजून दोन गोष्टी सापडल्या

वायरी सोडवताना उजव्या टर्मिनलमध्ये केसाएवढी एक तांब्याची तार निसटून शेजारच्या काळ्या टर्मिनलच्या पत्र्यापासून दोरा-दोन दोऱ्यांवर आली होती. तिथे नख लावलं तर ती हलली आणि टेकली. अशी एक तार पुरे होते. आवाज वाढवला, वायर किंचित थरथरली, शॉर्ट झाला, अ‍ॅम्प तत्क्षणी बंद. पाऊण तासाने नव्हे तर आवाज वाढवताक्षणीच प्रोटेक्शनला जाणारा अ‍ॅम्प दिसला की मी सर्वांत आधी या तारांकडे पाहते. वायरची टोकं सोलून घट्ट पीळ द्या आणि शक्य असेल तर बनाना प्लग लावा. स्क्रूखाली द्यायच्या टोकाला सोल्डर फासू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड सैल पडतो.

दुसरी गोष्ट शोकेसची. तीन बाजूंनी प्लायवूड, वर जेमतेम दोन बोटं जागा, आणि अ‍ॅम्पच्या जाळीवर मामींनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. त्यावर छोटा पितळी गणपती. "धूळ जाते म्हणून घातलाय गं." धूळ जाते हे खरंच आहे, पण गरम हवा बाहेर पडायची वाट तीच आहे. मे महिन्यात नेरूळला दुपारी घराच्या आतच तेहतीस-चौतीस डिग्री असताना त्या फळीत काय होत असेल? आम्ही गणपती शेजारच्या कप्प्यात हलवला. रुमाल आता अ‍ॅम्प बंद होऊन थंड झाल्यावर घालायचा असं ठरलं. फळी एक खाच वर सरकवली, जाळीवर वीतभर जागा झाली.

मग तोड काय काढली?

चार स्पीकर एकत्र वाजवायचेच असतील तर दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, लावता येतात. ६ आणि ६ मिळून १२, अ‍ॅम्प निवांत. पण वेगवेगळ्या जातीचे स्पीकर सिरीजमध्ये एकमेकांचा सूर बिघडवतात. एकाचा इम्पीडन्स चढला की दुसऱ्याच्या वाट्याचं व्होल्टेज कमी होतं. जुळे स्पीकर असतील तर चालेल, मामांचे नव्हते.

दुसरा सल्ला नेहमी मिळतो तो सिमेंटचा दहा वॅटचा रेझिस्टर मध्ये घालण्याचा. मला तो पटत नाही. अ‍ॅम्प वाचतो, पण अर्धी ताकद त्या रेझिस्टरला तापवण्यात जाते आणि बेलच्या वायरने डग्ग्याचं जे केलं तेच हाही करतो, जरा जास्तच.

काही अ‍ॅम्पच्या पाठीवर ४ ओहम आणि ८ ओहम असं सरकवायचं बटण असतं. ते '४' वर केलं की झालं, असं लोक समजतात. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते बटण आतल्या सप्लायचं व्होल्टेज उतरवतं, म्हणजे टाकीच खाली आणतं. उष्णता कमी होते हे खरं, पण ताकदही जाते आणि आवाज आधीच फाटू लागतो. आणि तरीही ते ३ ओहमसाठी नसतं.

मामांकडे एका जुन्या कॉम्प्युटर सेटबरोबरचा छोटा स्टीरिओ अ‍ॅम्प माळ्यावर पडून होता. आम्ही मोठ्या अ‍ॅम्पच्या पाठीमागच्या 'रेक आउट' या रेकॉर्डिंगसाठीच्या जागेतून सिग्नल काढला, साध्या शिल्डेड केबलने स्वयंपाकघरात नेला आणि तिथे छोटा अ‍ॅम्प बसवला. लांबच्या अंतराला स्पीकरची वायर न्यायचीच नाही, सिग्नल न्यायचा. 'रेक आउट'वर मोठ्या अ‍ॅम्पच्या आवाजाच्या बटणाचा परिणाम होत नाही, त्यामुळे मामींचा आवाज आता मामींच्या हातात. फोडणी पडत असली तर वाढवायचा, नंतर कमी करायचा. मला ही व्यवस्था सगळ्यांत आवडली.

दोन तास सलग ख्याल लावून ठेवला, नेहमीच्या आवाजाला. नंतर हीटसिंकवर तळहात टेकवला आणि दहापर्यंत मोजलं. हात ठेवता आला. साठ डिग्रीच्या पुढे गेला असता तर दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला असता. ही चाचणी फक्त बाहेर दिसणाऱ्या हीटसिंकवर करायची, झाकण उघडून आत हात घालून नाही.

तुमच्या घरी कुठून सुरुवात कराल

आधी मला 'कधी' ते कळायला हवं असतं. पाऊण तासाने बंद पडतो आणि थंड झाला की चालतो, तर उष्णता. म्हणजे भार, जागा किंवा दोन्ही. आवाज चढवताक्षणी पडतो, तर शॉर्ट किंवा फारच कमी ओहम. चालू केल्यावर रिले 'टक्' करतच नाही, तर सगळे स्पीकर काढून पुन्हा चालू करा. स्पीकरविना रिले बसला तर दोष वायरींत किंवा स्पीकरमध्ये. स्पीकर नसतानाही बसला नाही, तर दोष आत, आणि मग दुरुस्तीला न्यायला हरकत नाही. हे ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पबद्दल बोलते आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

एकच बाजू त्रास देत असेल तर डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, अर्थात अ‍ॅम्प बंद करून. त्रास स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर किंवा वायर, त्याच चॅनेलला राहिला तर अ‍ॅम्प. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने अर्धी शंका मिटते.

स्पीकर काढलेला असतानाच, रिले बसल्यावर, टर्मिनलवर मीटर डीसी मिलिव्होल्टला लावून पाहा. आवाज शून्यावर. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. शंभरच्या वर गेला तर लक्ष हवं. व्होल्टमध्ये काही दिसलं तर स्पीकर जोडूच नका, व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी आतली तारेची गुंडाळी, जळेल.

स्पीकरचं प्लस-मायनस पुसलं गेलं असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लस. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर अ‍ॅम्पला काही होत नाही, पण बास नाहीसा होतो. लोक मग तो भरून काढायला बासचं बटण फिरवतात आणि अ‍ॅम्पवर आणखी भार येतो.

उलट्या बाजूची चूक

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला एका सहकाऱ्याच्या घरी नेमकं उलटं घडलं. अ‍ॅम्प कधीच बंद पडला नाही, पण वर्षात दोनदा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे पडदे) गेले. स्पीकर १०० वॅटचे, अ‍ॅम्प २५ वॅटचा. तो म्हणाला, "ताई, अ‍ॅम्प लहान घेतला तर स्पीकर सुरक्षित राहणार ना?" हा समज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडतो.

लहान अ‍ॅम्पला त्याच्या कुवतीबाहेर ओढलं की लाटेचे माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणारं सर्किट, ते सगळे ट्वीटरकडे पाठवतो. शिवाय लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच माथ्याला दुप्पट ताकद जाते. १०० वॅट हा आकडा सगळ्या स्पीकरचा मिळून असतो. त्यातल्या ट्वीटरची केसासारखी कॉइल एकटी त्याच्या छोट्या अंशावर जळते.

त्याच्याकडे कमी पडत होती ती सेन्सिटिव्हिटी. स्पीकरच्या पत्रकात 'डीबी' असा आकडा असतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज, ते तो सांगतो. त्याचे स्पीकर ८४ डीबीचे. तोच आवाज ९० डीबीच्या स्पीकरला एक चतुर्थांश ताकदीत मिळाला असता, कारण दर ३ डीबीला ताकद दुप्पट लागते. म्हणजे ८४ च्या स्पीकरवर ४० वॅट आणि ९० च्या स्पीकरवर १० वॅट सारखेच. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा तर साधारण १० डीबी, म्हणजे दहापट ताकद. त्याचा हॉल बावीस फुटी, सोफा पार दुसऱ्या टोकाला. वाढदिवसाला वीस माणसं जमली की तो बटण शेवटापर्यंत न्यायचा. आवाज जरा खरखरीत आणि चिरका लागला की तो क्लिपिंगचा इशारा समजावा आणि बटण मागे घ्यावं. दुसऱ्या कुठल्या दिव्याची वाट पाहू नये.

सेन्सिटिव्हिटी वाचताना एक खाच आहे. काही पत्रकांत '१ वॅट' ऐवजी '२.८३ व्होल्ट' लिहिलेलं असतं. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला ते २ वॅट होतात. तेव्हा ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डीबी वजा करूनच तुलना करा.

ट्वीटर गेला का ते बाहेरच्या टर्मिनलवर मीटर लावून कळत नाही. वूफरच सगळा आकडा दाखवतो, आणि ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. वर्तमानपत्राच्या पानाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरसमोर धरा, हळू आवाजात. झांजांचा बारीक झणत्कार आला नाही तर तो गेलेला.

नवीन जोडी घेताना

वॅटच्या आकड्यांवरून जोडी जुळवू नका, ही माझी कळकळीची विनंती. पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या फुगवलेल्या, आकड्यांनी एका पिढीची फसवणूक केली. टू-इन-वनच्या खोक्यावर हजार वॅट आणि आत ट्रान्सफॉर्मर मूठभर. अमेरिकेत १९७४ साली वॅटचा आकडा कसा मोजून छापायचा याचा नियम झाला, तो याच घोळापायी. पत्रकात तीन गोष्टी शोधा: किती ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना का, आणि किती डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती बिघडलेला असताना. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल' असा १०० वॅट प्रत्यक्षात बराच लहान असतो. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८०-९० देणारा अ‍ॅम्प करंटला दमदार आहे. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर त्याला ४ ओहमचा स्पीकर जोडू नये.

लॅमिंग्टन रोडला जुने परदेशी अ‍ॅम्प छान मिळतात. घेताना पाठीवरचं व्होल्टेज आधी वाचा. जपानचा १००, अमेरिकेचा १२०, आपला २३०. उरलेलं सगळं नंतर.

दुरुस्तीला द्यायचाच असेल तर दुकानात नुसतं 'बंद पडतो' एवढं सांगू नका. किती मिनिटांनी, किती स्पीकर जोडून, कुठल्या ओहमचे, ते कागदावर लिहून अ‍ॅम्पला चिकटवा. आणि सांगा की परत देताना दोन्ही चॅनेलना त्याच ओहमचा डमी लोड, म्हणजे स्पीकरऐवजीचा रेझिस्टर, लावून तासभर चालवून दाखवा. मन लावून काम करणारा कारागीर याला नाही म्हणत नाही, उलट त्याचाही वेळ वाचतो.

मामांच्या अ‍ॅम्पमध्ये एक बारीक दुखणं अजून बाकी आहे. सकाळी हळू आवाजात लावला की डावीकडचा तानपुरा दबलेला येतो, आवाज जरा वाढवला की फट्‌कन पूर्ववत. ही आउटपुट रिलेच्या काँटॅक्टवर चढलेल्या काळपटपणाची खूण आहे. खाडीकाठच्या दमट हवेत ते होतंच, आणि इतके दिवस जादा करंटने उघडझाप झाल्याने लवकर झालं. रिले नवा टाकायचा, जुन्यावर पॉलिश पेपर घासायचा नाही, वरचा मुलामा निघून जातो. कॉइलचं व्होल्टेज जुन्या रिलेवर २४ लिहिलेलं आहे, पिनांची मांडणी मी मोबाईलवर फोटो काढून ठेवली आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत एका शनिवारी तो घेऊन नेरूळला जायचं आहे.